ब्युनोस आयर्समध्ये गुरुवार ते रविवार

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई चिलीत, सँटियागोला असतात. येत्या नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघे त्यांच्याकडे जाणार असून परतीच्या वाटेवर अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स या शहरात थांबणार आहोत. गुरुवारी सकाळी तिथे पोहोचू आणि रविवारी रात्री तिथूनच मायदेशी निघू. व्हिसा हाती आले आहेत. भाच्याने सव्वीस प्रेक्षणीय ठिकाणांची यादी पाठवली आहे. तिच्यात इग्वासूचा धबधबा आणि नदीपलीकडचे, उरुग्वे देशातील कोलोनिया हे गावही आहे. माझे यजमान ६४ वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि रवींद्रनाथ टागोर जिथे राहिले होते ती जागा पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे. आम्ही शाकाहारी आहोत, अंडे मात्र चालते. स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. चार दिवसांत काय पाहावे आणि काय सोडावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ‘काय पाहावे’ हे सगळेच विचारतात, ‘काय सोडावे’ हे विचारणारे पत्र क्वचित येते, म्हणून आधी त्याच प्रश्नाकडे वळते. इग्वासू सोडा. विमानाने एका दिशेला जवळजवळ दोन तास, विमानतळावरची ये-जा वेगळी, आणि धबधबा नीट पाहायचा तर किमान दीड दिवस हवा. त्यातही ब्राझीलच्या बाजूने दिसणारे दृश्य पाहायचे असेल तर ब्राझीलचा व्हिसा लागतो. चारातले दोन दिवस तिकडे गेले, तर ब्युनोस आयर्स तुम्ही फक्त टॅक्सीच्या काचेतून पाहिलेले असेल. कोलोनियाही सोडा. बोटीने सव्वा तासाचे अंतर आहे हे खरे, पण तो दुसरा देश आहे. त्याचा व्हिसा वेगळा, आणि तिथून परत येताना अर्जेंटिनाचा तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा निघाला तर बोटीच्या धक्क्यावरच अडकून पडाल. भाच्याला वाईट वाटेल, पण गुडघे त्याचे दुखत नाहीत.

आता तुम्ही न विचारलेली, पण माझ्या मते सर्वांत तातडीची गोष्ट. चिलीला जाण्यासाठी तुम्हाला पीतज्वराची, म्हणजे ‘यलो फीव्हर’ची लस कोणी सांगितली नसेल, कारण तिची तिथे गरज पडत नाही. परंतु अर्जेंटिनाच्या ईशान्येकडील काही प्रांतांमुळे भारत सरकार त्या देशाला पीतज्वराच्या यादीत धरते, आणि तिथून येणाऱ्या प्रवाशाजवळ लसीचा दाखला नसेल तर मायदेशी उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. ही लस ठरावीक शासनमान्य केंद्रांतच मिळते, तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि एकदा घेतलेली लस जन्मभर ग्राह्य धरली जाते. यजमानांचे वय साठीच्या पुढे असल्यामुळे लस घेण्यापूर्वी त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे; गुडघ्यांसाठी चालू असलेल्या औषधांची यादीही सोबत न्यावी. हे काम निघण्याच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका.

राहिलेल्या यादीची मांडणी नकाशा पाहून नव्हे, तर दिनदर्शिका पाहून करा, असे मी आग्रहाने सुचवते. या शहरातल्या दोन गोष्टी वारावर बांधलेल्या आहेत: एक गुरुवारी घडते, दुसरी रविवारी, आणि तुमच्या वास्तव्यात हे दोन्ही वार आले आहेत. मी स्वतः तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा शुक्रवारी उतरले आणि बुधवारी निघाले. सहा दिवस राहूनही गुरुवार हुकला, त्याची चुटपुट अजून आहे.

तुमच्या गुरुवारची सुरुवात विमानातच होईल. सँटियागोहून निघताना डाव्या बाजूची खिडकी मागून घ्या, कारण उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमान अँडीज पर्वत ओलांडते आणि हवा स्वच्छ असेल तर ६,९६१ मीटर उंचीचे आकोंकाग्वा शिखर त्या बाजूला दिसते. नोव्हेंबरमध्ये दोन्ही देशांची घड्याळे सारखीच चालत असल्याने झोपेचा गोंधळ होणार नाही. सामान हॉटेलवर टाका, जेवून घ्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला प्लासा दे मायो या चौकात जाऊन बसा.

हा चौक १५८० मध्ये शहराची दुसऱ्यांदा स्थापना झाली तेव्हापासूनचा आहे. भोवती राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी वाडा, जुने नगरभवन आणि पुढे पोप फ्रान्सिस झालेले बेर्गोल्यो जिथे आर्चबिशप होते ते कॅथीड्रल, अशा इमारती आहेत, आणि त्या पाहण्यासारख्याही आहेत; पण तुम्ही तिथे जायचे ते साडेतीन वाजता निघणाऱ्या छोट्याशा फेरीसाठी. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो तरुणांना घरातून, रस्त्यावरून उचलून नेण्यात आले आणि त्यांचा पुढे पत्ता लागला नाही. मानवी हक्क संघटना ही संख्या ३०,००० सांगतात. ३० एप्रिल १९७७ रोजी अशा मुलांच्या चौदा आया या चौकात जमल्या. घोळका करून उभे राहण्यास मनाई आहे, चालत राहा, असे पोलिसांनी दटावले, तेव्हा त्या खरोखरच चालू लागल्या आणि चौकातल्या स्तंभाभोवती फिरत राहिल्या. एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी पुढे डोक्याला पांढरे कापड बांधले. ते होते लेकरांच्या तान्हेपणीचे लंगोट. त्यांच्यात पुढाकार घेणाऱ्या आसुसेना व्हियाफ्लोर यांना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पळवून ठार करण्यात आले. त्यांच्या अवशेषांची ओळख पटायला २००५ साल उजाडले, आणि त्यांच्या अस्थी त्या स्तंभाच्या पायथ्याशीच पुरल्या आहेत. दर गुरुवारची फेरी आजही चालू आहे. हयात आया आता फार थकल्या आहेत, काही चाकांच्या खुर्चीत बसून येतात. तुम्ही कडेला उभ्या राहा किंवा सोबत चार पावले चाला, दोन्ही रीतीला धरून आहे. फोटो जरा बेताने काढावेत.

तिथून आवेनिदा दे मायो हा रस्ता सुरू होतो. १८५८ पासून चालणारा कॅफे तोर्तोनी त्याच रस्त्यावर ८२५ क्रमांकाला आहे. दारात रांग दिसली तर ताटकळू नका, त्या रस्त्यावर कॉफी अन्यत्रही चांगली मिळते. पत्त्यांची एक सोय इथेच लक्षात घ्या: शहर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनांत आखलेले असून प्रत्येक चौकोनाला शंभर क्रमांक दिलेले आहेत आणि त्याची लांबीही साधारण शंभर मीटर असते. त्यामुळे ८२५ पासून १३७० क्रमांकाच्या पालासिओ बारोलो या इमारतीपर्यंत साडेपाच चौकोन, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून थोडे अधिक चालायचे, हे यजमानांना आधीच सांगता येईल. मध्ये १४० मीटर रुंदीचा ९ दे खुलिओ हा राजरस्ता ओलांडावा लागतो आणि एका सिग्नलमध्ये तो बहुधा अर्धाच ओलांडून होतो, तेव्हा दुभाजकावर खुशाल थांबा. बारोलो ही १९२३ मधली इमारत इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्यातील नरक, शुद्धिस्थान आणि स्वर्ग यांच्या कल्पनेवर रचलेली आहे आणि माथ्यावर दीपगृह आहे. मात्र शेवटचे मजले अरुंद जिन्याने चढावे लागतात, म्हणून तुम्ही ती खालूनच पाहावी. परत येताना भुयारी रेल्वेच्या ‘अ’ मार्गाने दोन स्थानके तरी प्रवास करा. १९१३ मध्ये सुरू झालेली ही लॅटिन अमेरिकेतील पहिली भुयारी रेल्वे आहे.

शुक्रवार सावकाश जाऊ द्या. सकाळी तेआत्रो कोलोन या १९०८ मधल्या संगीतगृहाची इंग्रजीतून मार्गदर्शन असणारी फेरी घ्या. जागा आधी राखून ठेवलेली बरी. नाट्यसंगीताच्या आणि सवाई गंधर्वच्या मुलखातून जाणाऱ्या माणसाला या सभागृहाचे एक वैशिष्ट्य चटकन भिडेल: गायकाचा आवाज कोणत्याही ध्वनिवर्धकाशिवाय अगदी वरच्या, स्वस्त मजल्यापर्यंत स्वच्छ पोहोचतो. त्या मजल्याचे नाव ‘पाराईसो’, म्हणजे स्वर्ग. दुपारी रेकोलेता भागातली दफनभूमी पाहा. सहलीत स्मशान कशाला, असे तुमच्या मनात येईल. देह अग्नीला आणि अस्थी नदीला देणाऱ्या आपल्या माणसांना ती जागा खरोखर चमत्कारिक वाटते: १८२२ पासूनची ही संगमरवरी घरांची वसाहतच आहे, तिला गल्ल्या आहेत, दारांना कड्या आहेत, आणि आत शवपेट्या फळ्यांवर मांडलेल्या दिसतात. राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या पत्नी एव्हा पेरोन यांची कबर तिथेच, त्यांच्या माहेरच्या दुआर्ते घराण्याच्या काळ्या दगडी घरात आहे. त्या १९५२ मध्ये ३३ व्या वर्षी वारल्या, १९५५ च्या सत्तापालटानंतर लष्कराने त्यांचे शव पळवले, इटलीत खोट्या नावाने पुरले, आणि ते या जागी यायला १९७६ साल लागले. परदेशी पर्यटकांना इथे प्रवेशशुल्क आहे. संध्याकाळी सांता फे रस्त्यावरचे एल आतेनेओ हे पुस्तकांचे दुकान, १९१९ मधल्या नाट्यगृहात थाटलेले. रंगमंचावर आता कॉफीची टेबले आहेत आणि बाल्कन्यांत पुस्तके. शिक्षक असलेल्या माणसाला तिथे सोडून तुम्ही तासभर निर्धास्त बसू शकता.

शनिवार यजमानांचा. टागोर १९२४ मध्ये पेरू देशाच्या निमंत्रणावरून निघाले होते. बोटीवरच आजारी पडले, डॉक्टरांनी पुढचा प्रवास थांबवला, आणि व्हिक्टोरिया ओकाम्पो या विदुषीने त्यांची सान इसिद्रो या उपनगरात व्यवस्था केली. विश्रांतीचे थोडे दिवस जवळजवळ दोन महिन्यांवर गेले. टागोर तिला ‘विजया’ म्हणत आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एक काव्यसंग्रह या नावाला अर्पण केला. त्यांना आवडलेली आरामखुर्ची तिने निघताना बोटीत चढवायला लावली, ती केबिनच्या दारातून जाईना म्हणून दारच काढवले, असे सांगतात. ती खुर्ची शांतिनिकेतनात आहे. यजमानांची निराशा होऊ नये म्हणून एक स्पष्ट करते. टागोर राहिले ते घर मिरालरिओ नावाचे होते. आज पाहता येते ती जवळचीच व्हिया ओकाम्पो, म्हणजे तिच्या कुटुंबाची १८९१ मधली हवेली, जी तिने १९७३ मध्ये युनेस्कोला दिली. ती रोज उघडी नसते, म्हणून मुलीला सँटियागोहूनच वार आणि वेळ विचारून ठेवायला सांगा.

जाण्यासाठी रेतिरो स्थानकातून तिग्रेकडे जाणारी लोकल पकडून बेक्कार स्थानकावर उतरायचे; साधारण पाऊण तास लागतो. बस, लोकल, भुयारी रेल्वे या सर्वांना चालणारे सुबे नावाचे कार्ड पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. हवेली पाहून झाल्यावर तीच लोकल पुढे शेवटच्या स्थानकापर्यंत, तिग्रेला जाते. तिथे पाराना नदीचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो. बेटांवरच्या घरांना रस्ते नाहीत, त्यामुळे लाकडी बोटी हीच तिथली एसटी. त्यात तास-दीड तास नुसते बसून राहणे हे दुखऱ्या गुडघ्यांसाठी सर्वांत उत्तम प्रेक्षणीय स्थळ आहे. परतताना बेल्ग्रानो सी स्थानकावर उतरा, कारण समोरच्याच बागेतील उघड्या मंडपात संध्याकाळी टँगो नाचणाऱ्यांची बैठक भरते. तिला ‘मिलोंगा’ म्हणतात. पाऊस असला तर रद्द होते, पण भरली तर पर्यटकांसाठीच्या महागड्या भोजनासहित कार्यक्रमापेक्षा मला ती शतपटीने खरी वाटते: भाजीची पिशवी बाकावर ठेवून आलेल्या आजीबाई, ऑफिसातून परस्पर आलेला हिशेबनीस, कोणी कोणाला शब्दाने विचारत नाही, नुसती नजर आणि मान हलवून होकार. तुम्ही बाकावर बसून पाहिलेत तरी चालते.

रविवारी सान तेल्मो. प्लासा दे मायोपासून निघणाऱ्या देफेन्सा रस्त्यावर सकाळी दहापासून मैलभर बाजार भरतो. ही एके काळची श्रीमंतांची वस्ती; १८७१ मध्ये ज्या पीतज्वराची लस तुम्ही घेणार आहात त्याचीच साथ आली, धनिक उत्तरेकडे रेकोलेताच्या बाजूला निघून गेले आणि त्यांच्या वाड्यांत एकेका खोलीत एकेक स्थलांतरित कुटुंब राहू लागले. चाळ म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. रंगीत काचेच्या जुन्या सोड्याच्या बाटल्या, चांदीचे काटे-चमचे, आणि ‘फिलेते’ या वेलबुट्टीच्या रंगकामाच्या पाट्या तिथे मिळतात. हे रंगकाम घोडागाड्यांवरून ट्रक आणि बसवर आले, आणि ते पाहताना आपल्याकडच्या ट्रकची मागची फळी आठवल्यावाचून राहत नाही. रस्ता दगडी फरसबंदीचा आहे, काठी न्या, आणि जाण्याची दिशा प्लासा दोर्रेगोपर्यंत ठेवून तिथून टॅक्सीने परता. ला बोका भागातली रंगीत घरे यादीत नक्की असतील. वेळ उरला तर टॅक्सीने जाऊन कामिनितो ही एक गल्ली पाहा आणि टॅक्सीनेच या. तिच्या आजूबाजूला पायी भटकू नका.

जेवणाबद्दल तुमची काळजी रास्त आहे, पण तुम्हाला भलत्याच ठिकाणी धोका दिसतो आहे. गोमांसाचे रेस्तराँ ओळखू येते आणि टाळता येते. फसगत होते ती न्याहारीत. अर्धचंद्राकृती गोड पाव, ‘मेदियालुना’, दोन प्रकारचा असतो: ‘दे मान्तेका’ म्हणजे लोण्याचा आणि ‘दे ग्रासा’ म्हणजे बहुधा गुरांच्या चरबीचा. पहिलाच मागा. एम्पानादा म्हणजे करंजीच, आणि मक्याचे सारण भरलेली मिळते, पण तिच्या पारीत चरबी असू शकते, म्हणून विचारून घ्या. ‘कार्ने नको’ एवढेच म्हणालात तर समोरचा सद्भावनेने हॅम किंवा कोंबडी आणून ठेवील, कारण तिथल्या माणसाच्या लेखी कार्ने म्हणजे गोमांस. पूर्ण वाक्य पाठ करा: ‘सिन कार्ने, सिन पोशो, सिन हामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे गोमांस, कोंबडी, हॅम, मासे यांविना. पाठ्यपुस्तकात पोयो असलेला शब्द मी पोशो लिहिला, तो मुद्दाम. या शहरात ‘य’चा उच्चार ‘श’ होतो आणि मायो चौकही लोकांच्या तोंडी माशो असतो.

पोट मात्र उत्तम भरेल, कारण निम्मे शहर इटलीहून आलेल्यांचे आहे. कोर्रिएन्तेस रस्त्यावरच्या जुन्या पिझ्झाघरांत कांदा आणि चीजने भरलेला ‘फुगासेता’ मागा, आणि त्याबरोबर ‘फाइना’ अवश्य घ्या: ती हरभऱ्याच्या पिठाची भट्टीत भाजलेली जाड पोळी असते आणि पिठल्यावर वाढलेल्या माणसाला पहिल्या घासालाच घरची वाटते. दूध आटवून केलेले ‘दुल्से दे लेचे’ चवीला बेळगावच्या कुंद्याच्या जवळचे, फक्त चमच्याने पसरता येईल असे. रात्रीचे जेवण आठच्या आत सहसा मिळत नाही आणि नऊपर्यंत टेबले रिकामीच असतात. तेव्हा संध्याकाळी सहाला काही खाऊन घ्यावे, तिथले लोकही तेच करतात.

राहण्यासाठी मी रेकोलेता भाग सुचवते, कारण मध्यवर्ती कचेऱ्यांचा भाग रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ओस पडतो. सोन्याचे मंगळसूत्र विमानात चढण्यापूर्वी मुलीकडे ठेवा आणि काळे मणी तेवढे घाला. मुलगी पुढे येईल तेव्हा घेऊन येईल. मोबाइल रस्त्याच्या कडेला हातात धरून उभे राहू नका, मोटारसायकलवरून हिसकावून नेतात. कपड्यावर काही उडाले आणि कोणी प्रेमाने पुसायला धावले, तर आभारही न मानता चालू पडा, कारण पुसणाऱ्याचा दुसरा हात खिशात असतो. कॅफेत पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवू नका. डॉलर रस्त्यावर बदलून घेण्याचे जुने सल्ले वाचनात येतील. एप्रिल २०२५ मध्ये चलनावरचे निर्बंध बहुतांशी उठल्यापासून अधिकृत आणि बाजारभावांतला मोठा फरक राहिलेला नाही, म्हणून कार्ड वापरा आणि थोडे कोरे, न दुमडलेले शंभराचे डॉलर जवळ ठेवा.

यादीत नसलेली एक गोष्ट तुम्हाला फुकट मिळणार आहे. तिकडे नोव्हेंबर म्हणजे वसंताचा शेवट, आणि या महिन्यात शहरभर नीलमोहर फुललेला असतो. पुण्यात उन्हाळ्यात एखादे झाड दिसते तसे नव्हे. रस्तेच्या रस्ते जांभळे होतात आणि पादचारीमार्गावर फुलांचा सडा पडतो. हवाही पंचविशीच्या आसपास, सुखाची असते, पण एखादी वादळी सर येतेच, छत्री ठेवा.

रविवारी रात्रीचे विमान एसेइसा विमानतळावरून असेल. तो शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे आणि फुटबॉलचा सामना असलेल्या संध्याकाळी रस्ता तुंबतो, म्हणून उड्डाणाच्या पाच तास आधी हॉटेल सोडा. आणि दुल्से दे लेचेच्या बरण्या घेतल्यात तर त्या मोठ्या बॅगेत भरा. हातातल्या पिशवीत सापडल्या तर सुरक्षातपासणीत द्रवपदार्थ म्हणून काढून घेतात.